डावा हातमोजा

पहिल्या पुस्तकात ऑस्मुंडला मी तोंडच दिलं नव्हतं.
नुसता कोट, डांबरात बुडवून काढल्यासारखा,
आणि कॉलरच्या वर अंधार.
बेटावरच्या पोरांचे डावे हातमोजे तो पळवायचा.
फक्त डावे.
का, ते मी ठरवलंच नव्हतं.
दुष्टाला कारण कशाला लागतं,
आणि पानं होती जेमतेम बत्तीस.

पोरं घाबरली. छान घाबरली.
ऑलेसुंडच्या एका आईने कळवलं,
लेक आता डावी मूठ उशीखाली घेऊन झोपतो.
ते पत्र मी फ्रिजवर लावलं, आल्यागेल्याला दिसेल असं.

दुसऱ्यात तोच कोट, तीच चोरी, वारा थोडा जास्त.

मग हालवर्डचं पत्र आलं. वय वर्षे सहा,
ओळी उतरणीला लागलेल्या:
ऑस्मुंड रात्री कुठे झोपतो?

आली का पंचाईत.
तिसऱ्यात खाट द्यावी लागली.
खाट दिली तर घोंगडी आली,
घोंगडीमागून थंडी,
थंडी वाजायची तर अंग हवं,
अंग म्हटलं की ते कुठेतरी दुखणार.
चित्रं काढणारा यूस्टाइन म्हणाला,
मग तोंडही रंगवू एकदाचं.
नाक त्याने काढलं ते थेट माझ्या मामाचं,
मामाला त्याने कधी पाहिलेलं नसताना.

चौथ्यात खाटेवर दोरी दिसते,
दोरीवर हातमोजे. धुतलेले, चिमट्यांत.
हे मी लिहिलं नव्हतं.
यूस्टाइनला फोन करून झापलं,
तो म्हणाला, ओले होते ना ते.

पाचव्यात कळलं
की मासे डबाबंद करायच्या यंत्रात
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलीत.
मलाही ते लिहिता लिहिताच कळलं.
उठले, दिवा लावला,
दुपारचे अडीच वाजले होते, डिसेंबर होता,
बाहेर केव्हाचा काळोख.

सहाव्यात एक मोजा परत येतो दारावर,
अंगठा रफू केलेला, भलत्याच रंगाच्या लोकरीने.
सातव्यात वादळात तो शाळेची बोट ओढून आणतो.
आभार कोणी मानत नाही.
सगळ्यांत धाकटी तेवढी
त्याच्या रिकाम्या बोटांच्या जागी
आपली दोन बोटं ठेवून बघते, बसतात का.

बर्गनहून संपादकबाईंचा फोन:
पोरांना घाबरायला कोणीतरी हवं ना हो.
सुंभ जळला तर जळू दे, पीळ तेवढा ठेवा.
मी म्हटलं, पीळ कसला, गुंता झालाय नुसता,
आणि टोक माझ्या हातात नाही.

बाहेरच्या बेटांवर पाच आठवड्यांनी एकदा
पुस्तकांची बोट जाते.
गीदा धक्क्यावर पोचली तेव्हा
सातवंच उरलं होतं. तिने ते नेलं.
पुढच्या खेपेला सहावं मिळालं, मग पाचवं.
हिवाळाभर ती अशी मागे मागे चालत गेली,
आणि पहिलं हाती आलं तोवर
बर्फ वितळून घाण झालं होतं.

तिचं कार्ड आलं:
तो इतका चांगला होता.
मग त्याने मोजे परत देणं सोडलं.
मग त्याची बोटं परत आली,
तरी तो खूश झाला नाही.
मग खाट गेली. मग तोंड गेलं.
तुम्ही त्याला काय केलंत?

तीन कागद फाडले.
एकावर लिहिलं होतं, अगं, तू उलटं वाचलंस.
दुसऱ्यावर, मोठी झालीस की कळेल.
(लाज वाटली.)
तिसऱ्यावर नुसतंच प्रिय गीदा.

चौथ्यावर एकच ओळ उतरली:
तेव्हा माझी त्याची ओळख नव्हती.

तिकीट लावलंय. पत्र टेबलावर आहे.
बोट मंगळवारी.